वस्तीचं म्हणणं ऐकायला लावणारे महाधिवक्ता

आदरणीय दिनकरराव शेटे साहेबांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा ते माझ्या विरोधात उभे होते. ते राज्याचे महाधिवक्ता, सरकारचे सर्वांत वरिष्ठ वकील. मी नगरहून खंडपीठात गेलेली नवखी वकील. राहुरीजवळच्या एका वस्तीतली घरं पाडण्याचा आदेश निघाला होता, आणि राहणाऱ्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. मी त्यांच्या वतीने आले होते. समोर खुद्द महाधिवक्ता पाहून मी माझे कागद पुन्हा चाळू लागले.

मी उठणार तोच साहेब शांतपणे न्यायमूर्तींना म्हणाले, "सुनावणी न घेता काढलेला हा आदेश राज्य मागे घेत आहे."

आदल्या दिवशी काय घडलं होतं, ते मला पुढे कळलं. साहेबांनी या आदेशाला हरकत घेतली होती. "साहेब, तुम्ही आमचे वकील ना?" असं अधिकाऱ्यांनी विचारलं होतं.

"म्हणूनच सांगतोय. आदेश मागे घ्या, नाहीतर माझा राजीनामा घ्या," साहेब म्हणाले होते.

न्यायालयाबाहेर वस्तीतल्या कासाबाई पुढे झाल्या. "जयभीम साहेब. तुमी तर सरकारचे. मंग आमच्यासाठी कसं बोल्ले?"

"मावशी, सरकारं बदलतात, राज्य राहतं. त्या राज्यात तुम्हीही आहात."

"व्हय, पन मंग आमच्या वकीलबाईंनी काय केलं?"

सगळे हसले. मी खाली मान घातली. साहेब म्हणाले, "त्या आल्या म्हणून तर मला यावं लागलं!"

पुढे रीतसर सुनावणी झाली आणि घरं राहिली.

महाधिवक्ता हे पद इंग्रजी अमदानीतून आलेलं. तेव्हा ते राजसत्तेची बाजू मांडायचं. राज्यघटनेने त्याला नवं स्थान दिलं. महाधिवक्त्यांना विधिमंडळात बोलता येतं, मत मात्र देता येत नाही. साहेब गमतीने म्हणत, "म्हणजे आपलं काम खरं बोलण्यापुरतंच."

मूळचे देवळाली प्रवराचे साहेब निवृत्तीनंतर सावेडीत राहू लागले. तिथे आम्हा वकिलांची सदैव वर्दळ असते. माझे वडील आजारी होते, तेव्हा साहेब माझ्या तारखेला जिल्हा न्यायालयात स्वतः उभे राहिले. एवढा मोठा माणूस साध्या दाव्यात पाहून समोरच्या वकिलांनी घाम पुसला म्हणे.

परवाच त्यांनी माझा मसुदा तपासून परत दिला. म्हणाले, "वाक्यं लहान करा. न्यायमूर्तींनाही श्वास घेऊ द्या."

साहेब आता पंचाहत्तरी पूर्ण करत आहेत. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि आमची लांबलेली वाक्यं त्यांच्या हातून अशीच कापली जावोत.