लाईव्हअण्णा

अण्णाला हळू बोलता येत नव्हतं. कुणाच्या मयतीला गेला तरी 'कसं झालं हो?' असं इतक्या मोठ्यानं विचारायचा, की गल्लीच्या टोकाची कुत्री उठून बसायची. आयुष्यभर यंत्रमागावर उभं राहून त्याचे कान गेले होते. स्वतःचा आवाज स्वतःला कळावा म्हणून तो ओरडायचा. समोरच्याचं त्याला निम्मंही ऐकू यायचं नाही. पुढे हाच माणूस बोलण्यावर मोठा झाला. त्याला ऐकू येत नाही, हे त्याला रोज ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात आम्ही बरोबर होतो. मी मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायची. अण्णाचा माग एका बाजूला, समोरचा माग अंबादासचा. अण्णाच्या घरी कन्नड, अंबादासच्या घरी तेलुगू, कारखान्यात सगळ्यांचं मराठी. पण माग चालू असले की तिथं कुठलीच भाषा चालत नाही. एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलायचं. आम्हा सगळ्यांना ते येत होतं. अण्णा आणि अंबादास मतं वेगवेगळ्या पक्षांना द्यायचे आणि दिवसभर त्यावरून भांडायचे, तेही आवाज न करता, नुसते ओठ हलवून. जेवणाच्या सुट्टीत माग बंद झाले की भांडणही बंद. मग एकाच डब्यातली भाकरी आणि शेंगाचटणी. अण्णा त्याला अंबू म्हणायचा. असं म्हणणारा तो एकटाच.

कान पार गेल्यावर मालकानं अण्णाला घरी बसवलं. बायको आधीच गेली होती. त्याची खोली माझ्या खोलीला लागून, मध्ये एकच भिंत. तो दिवसभर नुसता बसून असायचा. मग जावयानं त्याला मोबाईल आणून दिला आणि लाईव्ह कसं करायचं ते शिकवलं. त्या वेळी आमच्याकडे कितीतरी दिवस नळाला पाणी नव्हतं. अण्णा मोबाईलसमोर बसला आणि "केळ्री, केळ्री!" असं ओरडला. केळ्री म्हणजे ऐका हो. आणि पाणी कुणी अडवलं, कुणाच्या बंगल्यात ते रोज येतं, हे नावं घेऊन सांगत सुटला. भिंतीपलीकडे माझी भांडी थरथरली. संध्याकाळपर्यंत शहराच्या सगळ्या पूर्वभागात त्याचंच बोलणं चाललं होतं.

लोक त्याला का ऐकायचे, हे शहाणी माणसं मला विचारतात. त्यात विचारण्यासारखं काही नाही. टॉवेलला शिलाई मारताना, विड्या वळताना हात गुंतलेले असतात, डोकं रिकामं असतं. रिकाम्या डोक्यात आपलीच दुखणी फिरत राहतात. अण्णा सांगायचा, की हे तुझ्या नशिबामुळं नाही, अमक्यामुळं आहे. ते ऐकून बरं वाटायचं. रागाला जागा मिळायची. आणि तो नावं घ्यायचा. मोबाईलवर आलेली नावं वाचून म्हणायचा, "शांताबाई ऐकलाल्या, सुग्रास जेवा शांताबाई!" त्या शांताबाईला तिच्या सुनेनंसुद्धा कधी जेवलात का म्हणून विचारलं नव्हतं. ती अण्णाला सोडून कशाला जाईल? मीही ऐकायची. मला तर मोबाईलही लागत नव्हता.

मग एका पुढाऱ्याची माणसं आली. त्यांनी अण्णाला चांगला मोबाईल दिला, तोंडावर उजेड पाडणारा गोल दिवा दिला. आता रोज दुपारी एकच काम. आपले पुढारी देव आणि तिकडचे चोर. ते सांगून सांगून एक दिवस त्याला नवीन काही सुचेना, तेव्हा तो म्हणाला, "तिकडचे म्हणजे कोण? माझ्यासमोरच्या मागावर उभा राहायचा तो अंबू! त्याच्या घरावर बगा कुनाचा झेंडा हाय! खातो हितलं, गातो तितलं!"

त्या दिवशी त्याला जेवढ्यांनी बघितलं तेवढ्यांनी आधी कधी बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी लोकांनीच विचारलं, अंबूचं काय? मग रोज अंबू आला. अंबूचा झेंडा, अंबूची सायकल, अंबूची अक्कल. लोक हसून लोटपोट व्हायचे. कारखान्यात अंबादास दिसला की पोरं "केळ्री अंबू!" करायची. त्याची बायको नळावर यायची बंद झाली. त्याच्या मुलीच्या लग्नात मांडवातल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मी गेले होते. अण्णा गेला नव्हता.

मी त्याला विचारलं, "तुला लाज वाटत नाही का रे? तुझ्या डब्यात जेवलाय तो."

"आक्का, ते अंबूला न्हाय गं. ते पक्षाला हाय," तो ओरडला. "अंबूला कळतंय की!"

अंबूला काय कळत होतं ते अंबूच जाणे. त्यानं घरावरचा झेंडा तेवढा काढला नाही.

आणि मग एका दुपारी अण्णाचा पुढारीच उठून तिकडे गेला. शाल, गुच्छ, फोटो. ज्यांना अण्णा रोज चोर म्हणायचा त्यांच्या मांडीला मांडी लावून बसला. अण्णानं मोबाईल पालथा घातला. त्या दुपारी भिंत गप्प. दुसऱ्या दिवशीही गप्प. मला वाटलं, आता लोक याच्या दारावर येऊन शिव्या घालणार.

लोक आले, पण शिव्या द्यायला नाही. शांताबाई पुढे होती. म्हणाली, "अण्णा, काय पन बोला, पन बोला की. घर खायला उटलंय."

"काय बोलू?" अण्णा म्हणाला. "परवापर्यंत चोर म्हनलो त्यास्नी."

"मग आता नका म्हनू," मागून एक जण बोलला. "दुसऱ्या कुनाला तरी म्हना. आमाला काय?"

सगळे हसले. अण्णाला ऐकू आलं नव्हतं, पण त्यानं त्या माणसाचे ओठ वाचले होते. त्याचा चेहरा मी बघितला. तोपर्यंत त्याला वाटत होतं, आपण सांगतो ते या लोकांना पटतं. पटण्याचा काही संबंधच नव्हता. त्यांना दुपारी आवाज हवा होता, आणि रागावायला कुणीतरी.

माणसं गेल्यावर तो मला म्हणाला, "आक्का, चल माझ्यासंगं. अंबूकडं जाऊ."

गेलो. अंबादास दारात आला, आत या म्हणाला नाही. अण्णानं हात जोडले आणि तोंड उघडलं, "अंबू, चुकलो बे मी!" सगळी गल्ली बाहेर आली. हळू बोलता येत नसेल तर माफी मागणंही तमाशा होतो. अंबादासनं हात वर करून त्याला थांबवलं आणि कारखान्यात बोलायचा तसे नुसते ओठ हलवले. मला ते वाचता आले. तो विचारत होता, "मोबाईल चालू हाय का?"

अण्णानं दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. अंबादासनं ते बघितले आणि दार लावून घेतलं.

पुढच्या आठवड्यात अण्णा पुन्हा दिव्यासमोर बसला. आता पुढाऱ्याबरोबर जे गेले नाहीत ते चोर. लोक पुन्हा ऐकू लागले, एकही तुटला नाही. पण अंबूचं नाव त्यानं पुन्हा घेतलं नाही. लोक विचारायचे, अंबू कुठं गेला? तो दुसरंच काही बोलायचा. दोन वर्षं असं चाललं. मग एका उन्हाळ्यात भर दुपारी छातीत दुखलं आणि तो गेला. मातीला एवढी माणसं आली, की रस्ता बंद झाला. अंबादास आला नव्हता.

माणूस गेला, आवाज गेला नाही. जुनी बोलणी लोक एकमेकांना पाठवत राहतात. चहाच्या टपरीवर, कारखान्याच्या फाटकाशी, रिक्षात मेलेला अण्णा ओरडत असतो. एका ठिकाणी पुढारी देव असतो, दुसऱ्या ठिकाणी तिकडचेही देव असतात. ऐकणाऱ्याला त्याचं काही नसतं. त्याच्या खोलीत आता नवीन भाडेकरू आहेत. त्यांची सून पोळ्या लाटताना त्याला लावते. भिंतीपलीकडून तो मला अजून सांगतो, की पाणी कुणामुळं येत नाही. पहिल्या वेळी मी ताट टाकून उभी राहिले होते.

मातीनंतर काही दिवसांनी मी अंबादासकडे गेले. आता त्यालाही कमी ऐकू येतं. तो ओट्यावर बसून मोबाईल कानाला लावून ऐकत होता. आवाज रस्त्यावर येत होता. अंबूचा झेंडा, अंबूची अक्कल.

मी म्हणाले, "बंद कर ते. मेलेल्या माणसाच्या शिव्या कशाला ऐकतोस?"

"नवं येनार न्हाय की आता," तो म्हणाला. मग मोबाईल बंद करून म्हणाला, "दार लावलो त्या दिवसापासनं त्यानं माझं नाव घेतलंच न्हाय, आक्का. रोज ऐकलो मी. एक दिवस सोडलो न्हाय. आज घेईल, उद्या घेईल. शिवी देऊन का हुईना."

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. शेवटी विचारलंच त्यानं, "तू बाजूलाच होतीस. जाताना माझं काय बोलला का?"

हो म्हणायला काही लागलं नसतं. अण्णा असता तर त्यानं नक्की म्हटलं असतं, आणि अंबादास खूश झाला असता. समोरच्याला जे ऐकायचंय ते ऐकवून माणसं कशी धरून ठेवतात, ते मी भिंतीपलीकडून पुष्कळ वर्षं ऐकलं होतं.

"नाही," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. आतून त्याच्या बायकोनं चहा आणला, तो आम्ही दोघांनी ओट्यावर बसून प्यायला.