शुभेच्छुक : समस्त भूमिगत मंडळ

चूक सोनूची नव्हती, हे आधी सांगून टाकलेलं बरं. चूक प्रस्तुत लेखकाची. आर्णीच्या ज्या फ्लेक्सच्या दुकानात सोनू राठोड कॉम्प्युटरवर बॅनर जुळवतो, तिथेच प्रस्तुत लेखक छपाईच्या मशीनवर बसतो. बुधवारी दुपारी एका हातात समोसा धरून त्याने जी फाईल मशीनला लावली, ती चारुदत्त पांढरीपांडे साहेबांच्या सेवापूर्तीची नव्हतीच. पडद्यावर फाईलचं चित्र नखाएवढं दिसतं. त्यात मधोमध एक तुळतुळीत टक्कल, खाली गोल गोल चेहऱ्यांच्या रांगा. साहेबांनाही टक्कल. माणसाने आणखी काय तपासायचं?

फ्लेक्स गुंडाळी होऊनच बाहेर पडतो आणि गुंडाळीतच जातो. गुरुवारी सकाळी भावसिंग मंडपवाल्याने तो चौकात बांधला. बांधताना त्याला जांभळं डोकं दिसलं, चार हात दिसले, त्यातल्या दोन हातांना बोटं नाहीत हेही दिसलं. मोठ्या लोकांचं आपल्याला काय समजतं, असं म्हणून त्याने दोऱ्या आणखी आवळल्या.

नऊला साहेबांच्या कचेरीतली मंडळी हार घेऊन आली, तेव्हा दहा बाय पंधराचा तो परग्रहावरचा म्होरक्या चौकाला चारी हातांनी आशीर्वाद देत होता. खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'शुभेच्छुक : समस्त भूमिगत मंडळ'.

आता हे मंडळ कोणतं ते सांगायला हवं. परदेशात एक खेळ आहे. टेबलावर बोटभर उंचीचे रंगवलेले सैनिक मांडायचे, टेपने अंतर मोजायचं, फासे टाकायचे आणि लढाई करायची. त्यात खलनायकांचा एक पंथ आहे. दिसायला खाणीत राबणारी साधी माणसं, पण आतून ताऱ्यांपलीकडच्या कुणालातरी वाहिलेली. पिढ्यान्‌पिढ्या त्याची वाट बघायची, आणि तो उतरला की सगळ्यात आधी त्याने यांनाच खायचं. सोनूने हा खेळ कधी खेळलेला नाही, त्यातला एक सैनिकही हातात धरलेला नाही. फोनवर चित्रं पाहिली आणि तीन वर्षांपूर्वी तो त्या पंथाला लागला. लागला म्हणजे चित्रं काढण्यापुरता.

तसा तो कशालाही लागेल असा माणूस नाही. त्याला मुळात बसवतच नाही. खुर्चीत एक पाय वर, एक खाली, खालचा सारखा हलतोय. बशीत चहा सांडला की त्यात बोट बुडवून टेबलावर राक्षसाचे दात रेखाटतो. वणीला मामाच्या ट्रकवर गेला, तर खाणीतून सुटून येणारी माणसं बघून आला, डोळ्यांच्या कडांना कोळसा असलेली. ती सगळी त्याने पंथात भरती केली. पंथाच्या अंगरख्यांवर त्याने आरसे लावले, याडीच्या, म्हणजे आईच्या, जुन्या चोळीवर आहेत तसे. याडीने, मोतीबाईने, फोन लांब धरून चित्र पाहिलं आणि म्हणाली, "काचा बराबर लावल्या रे, पन टाका उलटा घातला." दोन दुपारी घालवून त्याने टाका सुलटा केला. मांडणी मात्र अस्सल दुकानातली, म्होरक्या मध्ये, भक्त रांगेत, शुभेच्छुक तळाला. दिवसभर वाढदिवसाचे बॅनर जुळवणाऱ्या हाताला दुसरं वळण कुठून येणार?

चुकून छापलं गेलेलं हेच चित्र सोनूला रविवारपर्यंत पाठवायचं होतं. त्या खेळाच्या वेड्यांचं जगभर पसरलेलं एक मंडळ इंटरनेटवर दहाच चित्रांचं प्रदर्शन मांडणार होतं. सोनूच्या घरी कॉम्प्युटर नाही. दुपारी मालक राजकुमारभाऊ जेवून आडवे झाले की दुकानातल्या कॉम्प्युटरवर दीड तास मिळायचा, तेवढाच. आणि दोन हातांना बोटं यायची होती.

गुरुवारी राजकुमारभाऊ चौकातून आले ते थेट सोनूच्या खुर्चीपाशी.

"सोनू, हे भूत कोनाचं?"

"माहं, भाऊ."

"छापलं कोनं?"

प्रस्तुत लेखकाने हात वर केला.

"तू गप. तुले मी मागून पाहतो. सोन्या, माह्या कॉम्प्युटरवर असलं काढून राह्यला काहून? साहेबाच्या घरी जाय. साहेबानं सोता फोन करून माफ केलं म्हटलं, तं खुर्ची तुही. नाही तं उद्यापासून दुसरा बसवतो."

साहेब त्या दिवशी हारतुऱ्यांत होते. शुक्रवारी सकाळी सोनू गेला तेव्हा ते इस्त्रीचा शर्ट घालून ओसरीवर येरझारा घालत होते.

"चौथ्यांदा चपला घातल्या यांनी," साहेबांच्या पत्नी शोभाकाकू म्हणाल्या. "साडेदहाला कचेरीची वेळ झाली, तेव्हापासून पाय निघतायत, आणि फाटकाशी आठवतं, की जायचं कुठे!"

फ्लेक्स साहेबांनी सोडवून घरी आणला होता आणि ओसरीभर पसरला होता. माफी मागायला म्होरक्याच्या पोटावर उभं राहणं भाग होतं.

"चुकी झाली, साहेब."

"ते राहू दे. ही माणसं काय करतात?"

"वाट पाहतात जी."

"कुणाची?"

"वरच्याची. तो आला का खाते."

"सगळ्यांना?"

"आधी जवळच्याले."

"आणि यात रिटायरमेंट?"

"नसते, साहेब."

"शोभा, ऐकलंस? आमच्यापेक्षा बरं चाललंय यांचं." मग ते खाली बसून एकेक चेहरा तपासू लागले. "यात मी कुठे आहे?"

"तुमची फाईल अलग होती."

"पण चौकात तर मीच होतो ना? छत्तीस वर्षांत या गावानं माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही. काल पाहिलं. आता मला घे यात. रांगेत नको, वर घे."

"आणि हात?" काकूंनी विचारलं.

"चार. एकही कमी चालणार नाही. बोल, कबूल?"

सोनू हो म्हणाला. त्या क्षणी त्याने काहीही कबूल केलं असतं. साहेबांनी तिथल्या तिथे राजकुमारभाऊंना फोन लावला, आणि खुर्ची वाचली.

मग सुरू झाली खरी तगमग. शुक्रवारची दुपार गेली, शनिवारची गेली. साहेबांचा चेहरा काही केल्या भीतिदायक होईना. दात दिले तर कवळी वाटली. डोळे पिवळे केले तर कावीळ वाटली. कपाळावर हाडं काढली तर शोभाकाकूंनी लाटण्याने प्रसाद दिल्यासारखं दिसलं. रविवारी दुकान एक वाजेपर्यंतच उघडं, पण मालक फिरकत नाहीत. सोनूचा पाय टेबलाला धडका देत होता. साडेअकरा वाजता त्याने साहेबांना उचलून बाजूला ठेवलं, मूळ म्होरक्याला आठ बोटं आणि दोन अंगठे काढले आणि एकला पाच कमी असताना चित्र पाठवून दिलं.

ते निवडलं गेलं. दहांत सहावं. पोलंडच्या कुणीतरी विचारलं, हे खाली काय लिहिलंय? सोनूने कळवलं : ज्यांचं म्होरक्यावर प्रेम असतं ते, फोटो सक्तीचा.

साहेबांचं मात्र राहिलं. रोज साडेदहाला इस्त्रीचा शर्ट घालून ते दुकानाच्या दारात येतात.

"माझं काय झालं?"

"होऊन राह्यलं, साहेब."

"हात किती झाले?"

"चारही झाले जी."

हे खरं आहे. हात झालेत, आरसे झालेत, टाकाही सुलटा आहे. चेहऱ्याच्या जागी अजून नुसती अंड्याच्या आकाराची रेघ आहे. सोनू तिच्यात रोज दुपारी चेहरा भरतो आणि दीड तासाने पुसतो.