चपलेचं बुश आन कुरडयांची पाटी

मोटारसायकलीच्या कामात माझ्या हाताला लई गुण हाय. फकस्त मी एकदा हात लावला की ती गाडी दुसऱ्या कुणाकडं तरी न्यावीच लागती.

माझी गाडी जुनी. माझ्या आधी दोघांनी ती वापरून वापरून सोडलेली. जरा खड्डा आला की मागचं शॉकअप असं खाडदिशी वाजायचं, की मी गावात शिरायच्या आधी माझा आवाज शिरायचा. बायको म्हणायची, "तुमी येताय ते लांबूनच कळतं, बरं पडतं. भाकरी टाकाया येळ मिळतो." मला ते कौतुकच वाटायचं.

सगळा घोळ झाला तो लग्नापायी. तलवाड्याला माझ्या मेव्हण्याच्या पोरीचं लग्न निघालं. बायको नवरीची आत्या, तवा रुखवतात मांडायच्या कुरडया हिनं न्यायच्या ठरलं. आता कुरडई म्हंजे गव्हाच्या चिकाची जाळी. उन्हात वाळली की नुसतं रागानं बघितलं तरी मोडती. रुखवतात ती आख्खी पायजे, ताटाएवढी, गोल. तुटकी कुरडई मांडली तर ज्या बायका जेवायला येतेत त्या जेवण इसरतेत, पण तुकडा इसरत न्हाईत.

आन हिला एकदा चटका बसला व्हता. मागं आमी आष्टीला हिच्या बहिणीकडं गेलतो, तवा बी हिनं कुरडया मांडीवर घेतल्या व्हत्या. तिथं जाऊन पाटी उघडली, तर आत नुसता भुगा. बहिणीची जाऊ समद्या बायकांत म्हणली, "कावून गं, येताना गिरणीवरनं आलाव का?" येताना बायको सबंध रस्ता एक शब्द बोलली न्हाई. मला वाटलं, चला, आज शॉकअप कुठून वाजतं ते नीट ऐकाय येतंय.

यंदा कुरडया वाळल्या, तशी तिनं पाटीत मऊ लुगडं आंथरलं, एकावर एक कुरडया रचल्या आन मला म्हणली, "ही पाटी आख्खी जाया पायजे. एसटीला लग्नसराईची गर्दी हाय, तिथं चेंगरून जातेल. गाडीचं काय ते बघा. न्हाईतर मी भावाला सांगते घ्यायला ये म्हणून. तुमी या मागून एकलेच, वाजत गाजत."

पोरीच्या लग्नाची धावपळ सोडून मेव्हण्यानं माझ्या दारात यायचं, आन माझी बायको न्यायची? मग माझी काय राहिली? मी तसाच गेवराईला गेलो.

तिथं एक मिस्तरी हाय. लहानपणापासनं आमी एकमेकाला शिव्या देत आलोत. त्यानं गाडीचा मागचा भाग धरून हलवला, कान लावला, एका बाजूचं शॉकअप सोडलं आन त्याच्या भोकातून बोटानं रबराची एक चिंधोटी बाहेर काढली.

"ह्ये काय हाय बे?"

"बुश."

"बुश निळं असतंय?"

"रंगावर काय हाय?"

"आन ह्याच्यावर फुलं कावून हायेत?"

आता काय सांगावं. बुश म्हंजे शॉकअपच्या दोन्ही टोकाच्या भोकात बसतो तो रबराचा तुकडा. बोल्ट आन लोखंडाच्या मधी गादीसारखा. मागं एकदा ते झिजलं, तवा मी नवं आणाया कंटाळलो आन घरात पडलेल्या रबरी चपलेच्या टाचेतनं गोल कापून बसवलं. चप्पल बायकोची. तिला अजून वाटत व्हतं कुत्र्यानं नेली. त्या कुत्र्याला तिनं लई दिवस भाकर टाकली न्हाई.

मिस्तरीनं ते परत भोकात कोंबलं, शॉकअप आवळलं आन म्हणला, "गाड्यांची रांग बघ. लग्नं झाली की ये."

"बुश दे. मीच बसवतो."

"बसव. पण माझं नाव कुठं सांगू नको. आन ऐक, एका टायमाला एकच शॉकअप खोल. तेल-बील लावू नको, रबर फुगतंय. साबणाचं पाणी लाव, आपोआप सरकतंय."

मी सगळं ऐकलं. घरी येईपत्तूर त्यातलं साबणाचं तेवढं ध्यानात राहिलं.

अंगणात गाडी डबल स्टँडवर लावली आन दोन्ही शॉकअप एकदमच खोलली. म्हणलं, काम करायचं तर मोकळं करावं. दुसरं शॉकअप निघालं तसं मागचं चाक धपकन खाली बसलं, माझ्या अंगठ्यावर. मी जे बोललो ते ऐकून शेजारची म्हातारी घरात गेली.

बायको चहा घेऊन आली. त्याच टायमाला मी जुनं बुश ठोकून काढलं, आन ते टुणकन उडून तिच्या पायापाशी पडलं. निळं. त्याच्यावर पांढरं फूल. तिनं उचललं, उलटं केलं, सुलटं केलं.

"ही माझी चप्पल हाय."

"न्हाई गं, कंपनीच आता असलं..."

"एवढे दिवस मी कुत्र्याला दगड मारते, आन चप्पल गाडीत?"

चहा ती घेऊन परत गेली. मी पिला न्हाई. म्हंजे दिलाच न्हाई.

साबण मागायची हिंमत न्हवती. मोरीत गेलो तर लग्नासाठी आणलेला वासाचा साबण दिसला, तोच पाण्यात घोळला. भोकाच्या तोंडाशी नवं बुश ठेवलं, वर लाकडाचा ठोकळा, आन त्या ठोकळ्यावर मी बसलो. आयुष्यात पैल्यांदा माझ्या वजनाचा कुणाला तरी उपेग झाला. बुश पचकन आत. चारी तशीच बसवली, बसून बसून.

पण आता शॉकअप परत लावायचं तर चाक वर उचलाया पायजे. एका हातानं चाक उचललं की बोल्ट घालायला हात न्हाई. चाकाखाली सरकवाया पोळपाट आणला, तर बायकोनं तो माझ्या हातातून वढून घेतला. "ह्याच्यावर उंद्या पोळ्या करायच्यात!" मग तीच पहार घेऊन आली, चाकाखाली घातली, दगडाचा टेका दिला आन दाबली. चाक आपोआप वर.

"घाला बोल्ट. का हे बी मीच करू?"

मी घातले. पाना मी फिरवला. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं कुणी इचारलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी निघालो. मागं बायको, तिच्या मांडीवर पाटी. गाडी चालू केली आन काय सांगावं, आवाजच न्हाई! गाडी आपलीच हाय का म्हणून मी खाली वाकून बघितलं. साबणाचा वास तेवढा येत व्हता. पैला गतिरोधक दिसला, तशी बायको म्हणली, "थांबवा."

"अगं, आता वाजत न्हाई. काय होत न्हाई."

"आष्टीला जाताना बी असंच म्हणला व्हता."

ती उतरली. पाटी डोक्यावर घेतली, गतिरोधक चालत वलांडला, पलीकडं जाऊन उभी राहिली. मी रिकामी गाडी घेऊन हळूच गेलो. ती परत बसली. पुढं खड्डा आला, परत उतरली. मग पूल, मग उखडलेला रस्ता, तिथं तर लई लांब चालली, आन मी तिच्या मागं मागं गाडी घेऊन, वरातीतल्या घोड्यावाणी. ओळखीचा एक ट्रॅक्टरवाला थांबला.

"काय वैनी, भांडण झालं का?"

"न्हाई. कुरडया हायेत."

त्याला पटलं. मला 'संभाळून' म्हणला आन गेला.

तलवाड्याला मांडवात बायकांनी पाटीभवती घोळका केला. आष्टीची ती जाऊ बी व्हती, मान लांब करून. बायकोनं लुगडं बाजूला सारलं. सगळ्या कुरडया आख्ख्या. एकीचं टोक बी उडालं न्हवतं. बायकोनं पदर सारखा केला, आन एकेक कुरडई दोन्ही हातानं उचलून ताटात मांडाया लागली. आष्टीची जाऊ म्हणली, "चीक चांगला बसलाय." तिच्याकडनं एवढं निघालं म्हंजे बक्षीसच.

आता माझ्यानं राहवंना. मेव्हण्याला, व्याह्यांना, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणलं, "सगळी बुशाची कमाल हाय! मी सोताच्या हातानं बसवलीत. घरी. अंगणात!"

मेव्हण्यानं बहिणीकडं बघितलं. "खरं का गं ताई?"

तिनं वर बघितलं बी न्हाई. कुरडई मांडता मांडता म्हणली, "गाडीचं बुश बदललंय, गाडीवाला न्हाई. म्हणून तर निम्मी वाट मी चालत आले."