कुंकवाची हरकत

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. मागं एकदा सांगायला बसले तर ऐकणारीच्या नाकात चहा गेला, आणि माझी फजिती राहिली बाजूला, तिची पाठ चोळत बसावं लागलं!

तर स्वराज्य आल्यानंतरची आमच्या गावच्या म्युनिसिपालिटीची ही पहिलीच निवडणूक. आमच्या वॉर्डातून माझी सख्खी आत्या उभी होती. नवरा पलटणीत, घरचा ऊस ही बघणार, पाटाच्या पाण्यावरून चार गड्यांशी एकटी भांडणार. उभी का राहिली? नळासाठी! आमच्या गल्लीतल्या बायका नदीवरून घागरी वाहून वाहून वाकल्या होत्या. गल्लीला एक नळ द्या म्हणून आत्या वॉर्डाचे जुने मेंबर नाना, त्यांच्याकडे गेली, तर नाना म्हणाले, "का? नदी आटलीया व्हय?" झालं! त्या एका वाक्यावर आत्यानं त्यांच्याविरुद्ध अर्ज भरला.

मतमोजणीला उमेदवाराच्या बाजूनं एक माणूस बसतो. आत्यानं कुणाला बसवावं? मला! दाराची कडी वाजली तरी जिच्या हातातली बशी पडते, त्या मला!

"आत्या, मला नाही जमायचं गं."

"कुसे, सांगलीला कालेजात कशाला घातलं तुला? निस्तं बसायचं. त्यो गणूअण्णा लय बेरकी हाय, त्याच्यावर डोळा ठेवायचा. बाकी तोंड मिटून!"

हे 'तोंड मिटून' मी ऐकलं असतं, तर आज हे सांगायची वेळ आली नसती.

गणूअण्णा म्हणजे नानांचा माणूस. पांढऱ्या मिशा, डोक्याला फेटा, आणि चेहरा असा की जणू देवदर्शनालाच आलाय. मी मात्र आठ दिवस नियमांचं पुस्तक घोकलं होतं. परीक्षेलासुद्धा इतकं घोकलं नव्हतं!

शाळेच्या खोलीत मोजणी झाली. आत्याला दोनशे बारा, नानांना दोनशे नऊ. सहा मतं बाद. तीन मतांनी आत्या आली! बाहेर हलगी सुरू झाली. मी डोळे पुसते आहे तोवर गणूअण्णानं हात वर केला.

"सायेब, पुन्यांदा मोजा."

तसा त्यांचा हक्कच होता. निवडणुकीचे साहेब सुस्कारा टाकून म्हणाले, "ठीक आहे. गठ्ठे सोडा. एकेक चिठ्ठी दोन्ही बाजूंना दाखवू. कुणाची हरकत असेल तर ती बाजूला ठेवू, शेवटी निकाल देऊ."

हलगी थांबली. मी डोळे पुसून नियमांचं पुस्तक उघडलं.

नानांचा गठ्ठा आधी सुटला. मी एकेका चिठ्ठीवर अशी झडप घालत होते की कारकून दर वेळी हात मागं घ्यायचा. आणि सातव्या की आठव्या चिठ्ठीवर मला दिसला एक लाल ठिपका. फुलीच्या शेजारी. कुंकू!

मी ताडकन उठले. बाक कलंडला. बाकावर पलीकडच्या टोकाला बसलेला पट्टेवाला खाली.

"हरकत! या चिठ्ठीवर फुलीशिवाय दुसरी खूण आहे. मतदाराची ओळख पटेल अशी खूण असली तर मत बाद, असा नियम आहे!"

साहेबांनी चष्मा वर केला. "कुंकवाच्या ठिपक्यावरून काय ओळख पटते, बाई?"

"मतदार बाई आहे, हे पटतंच की! शिवाय सवाष्ण आहे, हेही!"

काय तो युक्तिवाद! वादविवाद स्पर्धेत मला कधी बक्षीस मिळालं नव्हतं. ते त्या दिवशी मिळाल्यासारखं वाटलं.

"नीट विचार करा," साहेब म्हणाले. "नियम लावायचा तर दोघांनाही सारखाच लावीन."

"नियम म्हणजे नियम, साहेब!"

आणि गणूअण्णा हात जोडून म्हणतो कसा, "ताईसाब शिकल्याली हाय. त्या म्हंत्यात तर आसंल. आमची काय ना न्हाई."

आता तुम्हीच सांगा, शत्रू इतक्या गोडीनं 'हो' म्हणाला की शहाण्या माणसाच्या अंगावर काटा यावा की नाही? माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं! साहेबांनी हरकत लिहून घेतली: कुंकू दिसेल ती चिठ्ठी बाद. नानांच्या गठ्ठ्यातून एकतीस निघाल्या. एकतीस! मी आतल्या आत नळाची तोटीसुद्धा पिरगाळून पाहिली.

मग आत्याचा गठ्ठा सुटला.

पहिल्याच चिठ्ठीवर कुंकू. दुसरी बिनकुंकवाची. तिसरीवर कुंकू, वर हळदीचं बोट. पाचवीवर तर कुणी भक्तिणीनं चारी कोपऱ्यांना ठिपके देऊन चिठ्ठीची पूजाच बांधली होती!

मी कपाळावर हात मारला. कारण त्याच क्षणी मला आठवलं, की मतदानाच्या सकाळी शाळेशेजारच्या मारुतीच्या देवळात बायकांचं हळदीकुंकू ठेवलं होतं. कुणी ठेवलं होतं? मी! बायका मतदानाला घराबाहेर पडत नाहीत, म्हणून ही अक्कल मीच लढवली होती. आणि आमच्याकडच्या बायका कशा, ते तुम्हाला ठाऊक आहे. नवं सूप आणलं, लाव कुंकू. नवी घागर आली, लाव कुंकू. जन्मात पहिल्यांदा मताची चिठ्ठी हातात आली, तर तिला का तशीच पेटीत टाकतील? बोटं ओली होतीच!

"साहेब, ती हरकत मी मागं घेते."

"ती आता लिहून झालीय, बाई."

"आवं, नियम म्हंजे नियम, ताईसाब," गणूअण्णा मान हलवत म्हणाला. मेल्याचा आवाज मधासारखा!

आत्याच्या चौतीस गेल्या. राहिली एकशे अठ्ठ्याहत्तर. नानांचीही एकशे अठ्ठ्याहत्तर. बरोबरी!

आत्याला आत बोलावलं. सगळं ऐकल्यावर ती आधी वेगळ्याच गोष्टीवर भडकली. "म्हंजे एकतीस जणी माझं हळदीकुंकू घिऊन, माझा तीळगूळ खाऊन, त्या नानाला मत दिऊन आल्या? बघतीच एकेकीला!"

मग माझ्याकडं वळली. "आन् तू गं? तोंड मिटून बस म्हटलं हुतं न्हवं?"

मी घाबरून आणखी एक नियम काढला. "साहेब, बाद मतं! ती सहाही पुन्हा तपासा!"

साहेबांना वाटलं असेल, ही पोरगी आता शाळेच्या फरशासुद्धा मोजायला लावील. पण त्यांनी पाकीट सोडलं. दोन चिठ्ठ्या कोऱ्या. तिघांनी दोन्ही नावांवर फुल्या मारून दोघांनाही खूश केलेलं. सहावी उलगडली आणि साहेब थांबले. "फुली बाईंच्या नावावर आहे. कुंकू नाही."

आत्या उठूनच उभी राहिली. एक मत! एका मतावर नळ!

"पण," साहेब म्हणाले, "खाली मतदाराची सही आहे. पूर्ण नावानिशी. ही बादच."

मला तहान लागली. फार म्हणजे फारच लागली.

"कुनाची सही? वाचा नाव!" आत्या गरजली.

"मत गुप्त असतं, बाई. नाव वाचता येणार नाही." साहेबांनी चिठ्ठी घडी घालून पाकिटात टाकली. देव त्यांचं भलं करो!

मग दोन नावांच्या चिठ्ठ्या पट्टेवाल्याच्या टोपीत टाकल्या. एक काढली. नाना निघाले.

शाळेच्या पायऱ्या उतरताना आत्या बोटं मोडत होती. "कोन ती शहानी? मताच्या चिठ्ठीवर कुनी सही करतंय का? आता वाहा म्हनावं जल्मभर घागरी!"

"हो ना गं आत्या," मी म्हणाले. "काही काही माणसं अगदीच अडाणी असतात."

मागून गणूअण्णा उतरत होता. फेटा सारखा करत म्हणाला, "आत्याबाई, नाव मी बी न्हाई बगितलं. मताची गोष्ट, आपुन कशाला बगावं? पर सायबांनी कागद उलगडला तवा नावाच्या म्होरं 'बी. ए.' लिवल्यालं तेवढं दिसलं बगा."

आत्या पायरीवरच थांबली आणि हळूहळू माझ्याकडं वळली.

आमच्या वॉर्डात बी. ए. झालेल्या किती, हे सांगायला फेरमोजणी लागत नव्हती.