मुंग्या कुठल्या?

"म्याडम, कंप्युटरात मुंग्या आल्यात. लगेच या."

दुकानाचं शटर अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात चिमावहिनींचा फोन. मी फोन खांद्याने कानाशी दाबला आणि शटर पुरतं वर ढकललं.

"वहिनी, तुमच्याकडे मुंग्या येणं शक्यच नाही. तुमचं डिजिटल आहे."

"अगो, पन आल्यात ना! बक्कळ आल्यात."

"चित्र फुटतं का? चौकोन चौकोन दिसतात?"

"व्हय, चौकोन पन दिसतात. मंग सगला थांबतोच."

"मग सिग्नल कमी पडतोय. घरावरची डिशची छत्री हलली असेल वाऱ्याने."

"छत्रीत नाय गो बाय, कंप्युटरात!"

मी महाडमध्ये कंप्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते. बाजारपेठेत, पुराचं पाणी शिरतं त्या भागात, म्हणून माझा सगळा माल भिंतीच्या वरच्या फळ्यांवर असतो आणि मी दिवसभर स्टुलावर चढ-उतर करत असते. गिऱ्हाइकाला समजावून सांगायची मला हौस आहे. नवरा म्हणतो, तू दुरुस्ती कमी आणि प्रवचन जास्त करतेस. मुंग्यांचं प्रवचन तर माझं खास आवडतं.

ते असं. पूर्वी घरावर अँटेना असायची. सिग्नल कमी पडला की टीव्हीवर काळे-पांढरे ठिपके वळवळायचे आणि खर्रर्र असा आवाज यायचा. त्याला आपण सगळे "मुंग्या आल्या" म्हणायचो. मग घरातला एकजण कौलांवर चढायचा, दुसरा खिडकीतून ओरडायचा, "आलं, आलं... गेलं!" डिजिटलमध्ये ही भानगड नाही. सिग्नल पुरेसा असेल तर चित्र अगदी स्वच्छ, कमी पडला तर चित्राचे चौकोन होतात आणि शेवटी पडदा काळा. मुंग्या नावाचा प्रकारच संपला. हे सगळं मी चिमावहिनींना फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "पन तुम्ही या. आज दुपारी सुवर्णाचा सामना हाय. ह्यांनी सकालपासून च्या पन घेतला नाय."

हे शेवटचं ऐकल्यावर मी निघायचं ठरवलं.

चिमावहिनींचे यजमान कोंडिबादादा. पोलादपूरच्या वर, कशेडीच्या बाजूच्या डोंगरात त्यांची धनगरवाडी आहे. म्हशी, थोडी नाचणी, थोडी वरी. तरुणपणी दादा कबड्डीत नावाजलेले होते. मुलगी सुवर्णा चालायला लागली तशी तिला त्यांनी घराच्या खळ्यावरच खेळायला शिकवलं. रेषा आखायला चुलीतली राख. आता ती मोठ्या संघातून खेळते आणि तिचे सामने टीव्हीवर दाखवतात. आणि नेमकं आता दादांना दिसेनासं झालंय. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार. मुंबईच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की आज जेवढं दिसतं तेवढं पुढे दिसणार नाही, कमीच होत जाईल. वस्तू नाकाजवळ आणली आणि ती मोठी असली तर दादांना कळते. भिंतीवरच्या टीव्हीत त्यांना नुसत्या सावल्या हलताना दिसायच्या.

दोन-तीन महिन्यांपूर्वी ते स्वतः काठी टेकत माझ्या दुकानात आले होते.

"पोरीला खेलताना बघायचीय," ते म्हणाले. "मोबाइलवर मुंगीएवढी दिसते. घरात पोराने पाठवलेला कंप्युटर हाय, त्याच्यात काय जमंल का?"

जमण्यासारखं होतं. छत्रीची वायर थेट कंप्युटरला जोडता येते, त्यासाठी एक कार्ड मिळतं. ते कंप्युटरच्या पेटीत आतल्या खाचेत बसवायचं. मग टीव्हीवर येणारं चॅनेल मॉनिटरवर येतं. टीव्हीपेक्षा यात फायदा असा की चित्र हवं तिथे मोठं करता येतं. पण त्यासाठी ते एचडी लागतं. साधं चित्र थोड्या ठिपक्यांचं बनलेलं असतं. ते ताणलं की जुन्या गोधडीसारखं विरतं. एचडीत ठिपके कितीतरी जास्त असतात, म्हणून मोठं केलं तरी चेहरा चेहराच राहतो. शिवाय चालू सामना थांबवून मागेही नेता येतो. मी माउसचं चाक चित्र मोठं करायला लावून दिलं आणि कीबोर्डवरच्या थांबवायच्या बटणावर शर्टाची एक गुंडी चिकटवली, बोटाला लागावी म्हणून. दादा मॉनिटरपासून वीतभर अंतरावर नाक आणून बसले. त्या दिवशी कुठल्या तरी भलत्याच मुलींचा सामना लागला होता, तरी त्यांनी तो शेवटपर्यंत बघितला.

तर असं ते सगळं मी बसवलेलं होतं आणि आज सामन्याच्या दिवशीच ते बंद पडलं होतं. मी पिशवी भरली. सिग्नल मोजायचा मीटर, वायर, छत्रीच्या तोंडाशी असतो तो डबा, नट आवळायचे पाने. हवा मारायचा ब्लोअर आणि साफसफाईची बाटली फळीवरच ठेवली. छत्रीच्या कामाला त्यांचा काय उपयोग?

पोलादपूरपर्यंत स्कूटी, पुढे चढणीला लागेपर्यंत स्कूटी, आणि मग पायवाट. वाडीवर पोचले तेव्हा घामाघूम झाले होते. कोंडिबादादा बंद मॉनिटरसमोर बसले होते. काठी मांडीवर, हात काठीवर.

"आलीस बाय?" ते म्हणाले. "टाइम हाय ना अजून?"

"आहे दादा. आत्ता लावते."

मी आधी छत्रीकडे गेले. मीटर लावला. सिग्नल भरपूर. छत्री जागची हललेली नव्हती. वायर तपासली, तीही ठणठणीत. मी छतावर उभी राहून विचार करत होते आणि खाली चिमावहिनी कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होत्या.

"वहिनी, इथे तर सगळं बरोबर आहे."

"मी काय सांगत होते? छत्रीत नाय. चल आत, दाखवते."

त्यांनी मला हाताला धरून कंप्युटरपाशी नेलं आणि पेटीच्या मागच्या बाजूला बोट दाखवलं. भिंतीवरून एक बारीक काळी रांग येत होती. शिस्तीत. टेबलाच्या पायावरून वर, पेटीच्या फटीतून आत. दुसरी रांग बाहेर.

खऱ्या मुंग्या. पायाच्या.

मला हसू फुटलं, पण दादांचा चेहरा बघून ते गिळलं. प्लग काढला, पेटीच्या बाजूचा पत्रा उघडला. आत मुंग्यांनी संसार मांडला होता. कार्डाच्या खाली, जिथे चालू असताना ऊब असते, तिथे पांढरी अंडी. आणि कार्डावर, खाचेच्या तोंडाशी, काहीतरी तपकिरी चिकट ओघळलेलं. मी बोटाला लावून वास घेतला.

"गूळ?" मी म्हटलं. "कंप्युटरात गूळ कसा आला?"

वहिनी पदराशी चाळा करायला लागल्या. शेवटी दादाच म्हणाले, "सांग आता."

पेटीच्या वरच्या बाजूला गरम हवा जायला जाळी असते. सुवर्णाच्या प्रत्येक सामन्याआधी वहिनी त्या जाळीवर हळदकुंकू वाहून गूळखोबऱ्याचा नैवेद्य ठेवत होत्या. पेटी तापली की गूळ पाघळायचा आणि आत उतरायचा.

"अगो, दसऱ्याला कोयत्याला ठेवतो, विळ्याला ठेवतो," त्या म्हणाल्या. "ह्यो पन हत्यारच ना घरातला? आनि ठेवायला लागल्यापास्नं पोर एकदा पन हारली नाय."

यावर माझ्याकडे प्रवचन नव्हतं. माझ्याकडे ब्लोअरही नव्हता. तो महाडला फळीवर आरामात होता.

"वहिनी, चुलीची फुंकणी द्या."

त्यांनी लोखंडी फुंकणी आणली. मी ती आपटून राख झाडली. "लांबून फुंका. तोंडाची वाफ आत जायला नको." आयुष्यभर ओली लाकडं पेटवलेली ती छाती. एका फुंकरीत अर्ध्या मुंग्या अंगणात. मी रंगाच्या जुन्या ब्रशने उरलेल्या काढल्या, अंडी काढली. वहिनी मधेच म्हणाल्या, "पिलावल मारू नको गो, भाईर ठेव." मी एका कागदावर घेऊन ती बांधावर ठेवून आले. वेळ जात होता, पण त्या घरात त्या दिवशी वाद घालायची माझी तयारी नव्हती.

राहिला गूळ. कार्डाच्या खालच्या कडेला सोनेरी पट्ट्या असतात. त्या खाचेत घट्ट टेकल्या तरच कार्ड आणि कंप्युटर यांचं बोलणं होतं. मधे गूळ आला की बोलणं तुटक, म्हणून चित्र फुटत होतं. ओल्या फडक्याने काम भागणार नव्हतं.

"घरात खोडरबर आहे का?"

वहिनींनी कोनाड्यातून एक गंजकी कंपासपेटी काढली. सुवर्णाची, शाळेतली. आत झिजलेलं खोडरबर होतं, दातांनी कुरतडलेलं. मी सोनेरी पट्ट्या त्याने हलक्या हाताने घासल्या. आमच्या धंद्यात हा जुना उपाय आहे, अजून चालतो. खाचेतला गूळ लाकडी काडीला कोरडी चिंधी गुंडाळून टिपला. कार्ड बसवलं, प्लग लावला आणि बटण दाबलं.

कंप्युटर सुरू झाला. कार्ड दिसलं. चॅनेल लागलं. सामना आधीच सुरू झाला होता.

"लागला!" वहिनी ओरडल्या आणि वाटी घेऊन धावत आल्या. वाटीत गूळखोबरं.

मी जाळीवर हात आडवा धरला. "नाही वहिनी. आज नाही. परत बंद पडेल."

त्या थबकल्या. वाटी हातात तशीच धरून मागे भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मला फार वाईट वाटलं, पण हात काढला नाही.

दादांनी चाक फिरवलं. मैदान मोठं झालं, मुली मोठ्या झाल्या, मग पडद्यावर एकटी सुवर्णा उरली. चढाईला निघालेली, ओठ हलतायत, कपाळावर घामाचे थेंब. ते थेंबसुद्धा दिसत होते. दादांनी गुंडी दाबली. चित्र थांबलं. ते अगदी जवळ गेले आणि डोकं हळूहळू वरपासून खालपर्यंत नेत राहिले.

"गुडघ्याला पट्टी हाय," ते म्हणाले.

"कुठं?" वहिनी पुढे आल्या. आम्हा दोघींचे डोळे धड, पण आम्ही दोघी गुणफलक बघत होतो. पट्टी होती. कातडीच्या रंगाची, पटकन लक्षात न येणारी.

"काल फोनवर बोलली नाय काय," वहिनी पुटपुटल्या.

सामना पुढे सुरू झाला. सुवर्णा डाव्या पायावर भार टाकून खेळत होती, हे मग मलाही कळायला लागलं. शेवटच्या चढाईत तिची पकड झाली. संघ हरला.

वहिनींनी हातातल्या वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पिशवीत पाने भरायला लागले.

मग फोन वाजला. दादांनी तो स्पीकरवर टाकला.

"बाबा, हारलो ओ," सुवर्णाचा आवाज रडवेला होता. "तुम्हाला काय दिसलं का?"

"पट्टी कवा बांधलीस?"

पलीकडे तिचं रडणं एकदम थांबलं.

"तुम्हाला दिसली?"

"दिसली. उजव्या पायाला. वाकडी बांधलीस. सैल होती."

आता पलीकडे ती रडत होती की हसत होती, मला सांगता येणार नाही. "आईला मी मुद्दाम सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "बाबा, खरंच दिसली?"

"अगो दिसली म्हंजे! घाम पन दिसला. तोंड सुकलंय तुझं. आधी पाय दाखव डॉक्टरला, खेल मंग बघू." दादांचा आवाज चढला होता आणि चेहऱ्यावरून पाणी वाहत होतं. ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मलाही माझं पुसावं लागलं.

निघताना वहिनींनी ती वाटी माझ्यापुढे धरली. "खा. देवाला नाय तर तू खा." मी खाल्लं. पाणी पिऊन म्हटलं, "वहिनी, नैवेद्य ठेवा हवा तर. पेटीवर नको, खाली पाटावर ठेवा. आणि टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत."

"त्या मला येतंय," त्या म्हणाल्या. "दुधाच्या कपाटाला तसंच करतो आम्ही. कंप्युटरला चालतं, ह्या कुनी सांगितला नव्हता."

पुढच्या वेळी मी वाडीवर गेले तेव्हा टेबलाचे चारही पाय करवंट्यांत उभे होते आणि करवंट्या पाण्याने भरलेल्या. कार्ड अजून चालतंय. सुवर्णाचा गुडघा बरा झाला. त्यानंतर तिचा संघ काही सामने जिंकला, काही हरला, आणि पाटावर गूळखोबरं दोन्ही वेळा होतं. दादांची नजर डॉक्टर म्हणाले होते तशीच कमी होते आहे. चाक आता आणखी जास्त फिरवावं लागतं.

माझ्यापुरतं म्हणाल, तर मुंग्यांचं प्रवचन मी बंद केलं आहे. ब्लोअर कायम पिशवीत असतो. आणि फोनवर कोणी मुंग्यांची तक्रार केली की मी आधी एवढंच विचारते, "पडद्यावरच्या, की पायावर चढणाऱ्या?"