न पाहिलेला धावबाद
शेजारी कुणी बॅटला अळशीचं तेल चोळलं, की मला लढाईच्या वर्षांतलं आष्ट्याचं मैदान आठवतं. सांगलीच्या संघाशी सामना होता आणि मी शाळामास्तर पंच म्हणून सकाळपासून उन्हात उभा राहून पार थकलो होतो. गावाची शेवटची जोडी खेळत होती, जिंकायला दोन धावा हव्या होत्या. रजेवर आलेल्या शिपायानं चेंडू सरळ टोलवला आणि तो धावत सुटला. चेंडू माझ्या नडगीवर आदळून बाजूला उडाला. पंचाला लागला तरी चेंडू जिवंतच असतो. मी कळवळून खाली वाकलो, तेवढ्यात कुणीतरी चेंडू फेकून यष्ट्या उडवल्या. सांगलीकर ओरडले. शिपाई पोचला होता की नाही, मी पाहिलंच नव्हतं, तरी बोट वर केलं. “मास्तर, तुमी बघितलं न्हवं?” त्यानं विचारलं. “हो, बघितलं,” मी म्हणालो. तो बॅट काखेत मारून निघून गेला. संध्याकाळी मात्र हळदीचा लेप घेऊन दारात उभा. “पाय लय सुजला असंल. लावा ह्यो.” खरं सांगायला मला तोंड उघडवेना. लढाईतून तो सुखरूप परतला, बाजारात कितीदा भेटला, दर वेळी पायाची चौकशी करायचा. “बरा आहे,” एवढंच मी म्हणत राहिलो. आता सांगावंसं वाटतं, तर तो नाही.