पांझरेकाठची बैठक उखडायला गेलो तेव्हा

धुळ्याहून करीमभाईंचं कार्ड आलं. 'मास्तर, आपल्या बैठकीवरून एक मुलगी वाहून गेली. बारा दिवस झाले. तुम्ही यावं.' करीमभाई दगड घडवणारे. नदीकाठच्या त्या दगडी बैठकीचा नकाशा माझा; शाळेतल्या चित्रकलेच्या जोडीला मी असली कामं करतो.

"जाऊन काय करणार?" बायकोनं विचारलं. मी शाळेतून तीन दिवसांची रजा घेतली आणि सकाळच्या मोटारीत बसलो.

जळगावहून धुळ्याला कुणी जाणार असेल तर पूर्ण दिवस हाताशी ठेवावा. लढाईमुळे पेट्रोल नाही. मोटार कोळशाच्या गॅसवर चालते आणि चढ आला की माणसांना खाली उतरवते. एरंडोलच्या पुढे आम्ही दोनदा पायी चाललो. पारोळ्याला गाडी अर्धा तास थांबते. तिथली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा चुकवू नये, असं मागच्या खेपेनंतर मीच लोकांना सांगत होतो. या वेळी मी गाडीतच बसून राहिलो.

शेजारच्या बाईनं विचारलं, "कोठे चालनात, भाऊ?"

"धुळ्याला. नदीवर काम आहे."

"जपीसन जा. तठे पोर बुडनी," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

मागच्या उन्हाळ्यात धुळ्याच्या एका व्यापाऱ्यानं नदीकाठची आपली आमराई सगळ्यांना खुली केली होती. बायकामुलांनी यावं, झाडंपाखरं बघावीत, म्हणून काहीतरी बांधून द्या, असं त्यानं मला सांगितलं. विहिरीवर लोंबणारी सुगरणींची घरटी जवळून दिसावीत म्हणून मी एक लाकडी मचाण केलं, आणि पाण्यालगत अर्धगोल दगडी बैठक. बसल्या जागी मुलांचे पाय पाण्यात बुडावेत, ही कल्पना माझीच.

"हातभर मागे घेऊ, मास्तर," करीमभाई तेव्हा म्हणाले होते. "ही नदी सांगून येत नाही."

मागे घेतली असती तर पाय पाण्याला लागले नसते. मी ऐकलं नाही.

धुळ्याला करीमभाई स्टँडवरच उभे होते. वाटेत त्यांनी झालेलं सांगितलं. रविवार होता, इथे लख्ख ऊन. वर साक्रीकडे पाऊस पडला असावा. पाणी एकदम चढलं. बाकीची मुलं मागे पळाली. कडेच्या दगडावर बसलेली आठ वर्षांची सखू राहिली.

सखूचे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. आम्ही थेट त्यांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसले होते. आम्ही आलो तरी त्यांनी मान वर केली नाही. आई दारात आली. मी तिला सगळं सांगितलं. करीमभाईंनी बजावलं होतं, मी ऐकलं नाही, हेही.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "आते तेस्ले बी सांगा. पंधरा दिन व्हयनात, त्या बोलतस नहीत."

मी ओट्यावर त्यांच्यासमोर बसलो आणि तेच पुन्हा सांगितलं. ते ऐकत होते की नाही कळेना. शेवटी हळूच म्हणाले, "मीच तिले सांगं व्हतं. तठे बस, पाय सोड पाणीमा."

"मी ती जागा त्यासाठीच केली होती, नाना," मी म्हणालो. "तुम्ही नसतं सांगितलं तरी ती तिथेच बसली असती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याला विचारून मी आणि करीमभाई बैठक उखडायला लागलो. आमराईत चिटपाखरू नव्हतं. चुना पक्का धरला होता. पहिला दगड निघायलाच तास गेला. तेवढ्यात सखूचे वडील आले. त्यांनी माझ्या हातातली पहार घेतली. ऊन उतरेपर्यंत तिघांनी मिळून सगळे दगड काठावर आणून टाकले. कडेचा त्यांनी एकट्यानं काढला.

जाताना ते मचाणापाशी थांबले. चारही खांब एकेक करून दोन्ही हातांनी हलवून पाहिले.

"हाई ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "धाकला पोरं येतस आठे."

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला घरी पोचलो. मेहरूण तलावाकाठी असंच काही करून द्या, असा निरोप येऊन पडला होता. मी तो बाजूला ठेवला. हाताचे फोड बघून बायकोनं पाणी गरम केलं. मी तिला सगळं सांगितलं, खांब हलवून पाहिले तेही.

"माफ केलं का त्यांनी?" तिनं विचारलं.

ते मी विचारलं नव्हतं. विचारायला तोंड नव्हतं.